जाहिरातीची जागा

अण्णांची जाहिरातींची वही माझ्या टेबलावर असते. लाल कापडी पुठ्ठ्याची, पेढीवरच्या वह्यांसारखी लांबोडकी. मिरजेला त्यांचं साप्ताहिक होतं. चार पानी, दर शनिवारी निघायचं. 2009 साली ते बंद झालं, आणि तोवर वर्गणीतून कागदाचा खर्चसुद्धा कधी सुटला नाही. आमचं घर, माझं शिक्षण, आजीची औषधं, सगळं या वहीवर चाललं.

वहीत रकाने आहेत : जाहिरातदार, मजकूर, कॉलम सेंटीमीटर, दर, पावती क्रमांक, वसुली. शेवटचा एक रकाना बिनमथळ्याचा आहे. त्यात बहुतेक ठिकाणी काहीच नाही, मधूनच एखादा 'नको' आहे. त्या 'नको'बद्दल पुढं लिहिते.

लहान गावच्या पत्राला बारा महिने जगवतात त्या वकिलांच्या जाहीर नोटिसा. अमुक गटातली जमीन माझे अशील खरेदी करणार आहेत, कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास इतक्या दिवसांत कळवावे. या नोटिसा कुणी आवडीनं वाचत नाही, पण ज्याचा हक्क अडकलेला असतो तो त्यातला शब्द न् शब्द वाचतो. अण्णा त्यांचं मुद्रित दोनदा तपासायचे. गट नंबरातला एक आकडा चुकला तर कुणाचं तरी शेत चुकतं, असं म्हणायचे. आणि दसरा उलटला की दिवाळी अंकाची धावपळ सुरू व्हायची. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतली ही सगळी परंपरा कथाकवितांइतकीच सराफ, कापडवाले, बँका आणि साबणवाल्यांच्या पानांवर उभी आहे. आमचा अंक साठ-सत्तर पानांचा, त्यात वीस-बावीस पानं जाहिरातींची. मी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून अण्णांबरोबर हिंडायची. दुकानदार लांबूनच म्हणायचे, "काय संपादक, दिवाळी आली वाटतं!" चहा व्हायचा, पावती फाटायची, पैसे मात्र बहुतेकांचे अंक हातात पडल्यावर, कुणाचे तुळशीच्या लग्नानंतर.

मी 2016 साली घरातले पदार्थ लिहून ठेवायला माझी साइट सुरू केली. आईच्या हातचे, आजीच्या हातचे, शेजारच्या काकूंकडून शिकलेले. उन्हाळी वाळवण हा त्यातला मुख्य भाग. त्यावर पैसे मिळतील असं डोक्यात नव्हतं, कारण तेव्हा गुगलची ॲडसेन्स ही जाहिरातसेवा मराठी मजकुराला जाहिरातीच देत नव्हती. ती 2003 सालापासून चालू होती, हिंदीला 2014 साली घेतलं, आणि मराठीला 2018 साली. त्या वर्षी मी अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे पाहण्यासाठी टपालानं एक आकडा येतो. ते पाकीट मिरजेच्या घरी आलं. अण्णांनी ते मला फाडू दिलं नाही, कात्रीनं कडेची बारीक पट्टी कापली, आतला कागद उघडून पाहिला आणि विचारलं, "दर काय आहे?"

मी सांगितलं, दर ठरलेला नाही. कुणी पान उघडलं की ते पुरतं दिसायच्या आत त्या जागेसाठी जाहिरातदारांच्या बोल्या लागतात आणि वरच्या बोलीवाल्याची जाहिरात तिथं येते. दुसऱ्यानं तेच पान उघडलं की पुन्हा नव्यानं.

"सौदा म्हण की," अण्णा म्हणाले. सांगलीत हळदीचे सौदे त्यांनी जन्मभर पाहिले होते. "आणि अडत किती?"

शंभरातले 68 मला, 32 त्यांना. अण्णा गप्प झाले. ते एजंटाला 15 टक्के द्यायचे. थोड्या वेळानं म्हणाले, "तुला सायकल मारावी लागत नाही, हे खरं. पण मग जाहिरातदाराचं तोंडही दिसत नाही." (पुढं 2024 मध्ये हिशेबाची रीत बदलली, क्लिकऐवजी जाहिरात दाखवली गेल्यावर पैसे मोजायला लागले, पण हातात येणारा वाटा साधारण तेवढाच राहिला.)

पहिले 100 डॉलर व्हायला मला चौदा महिने लागले. त्याआधी पैसे बँकेत येतच नाहीत. त्या चौदा महिन्यांत मी एक मोठी चूक केली आणि ती नीट सांगायला हवी, कारण जाहिरातीचं उत्पन्न वाढवायचं म्हटलं की सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा तेच येतं. मी जागा वाढवल्या. साहित्याच्या वर एक, खाली एक, कृतीच्या दर दोन परिच्छेदांमागे एक, पडद्याच्या तळाशी चिकटून राहणारी एक, शेवटी आणखी दोन. पंधरा दिवस आकडा वर गेला आणि मला वाटलं, जमलं.

मग दिवाळीच्या तोंडावर साताऱ्याहून एका ताईंचा निरोप आला. रव्याच्या लाडवांचा पाक गॅसवर होता. एकतारी झाला का बघायचं म्हणून त्यांनी चिकट बोटानंच पान वर सरकवलं. तेवढ्यात एक जाहिरात उशिरानं उतरली, मजकूर खाली ढकलला गेला आणि बोट कर्जाच्या जाहिरातीवर पडलं. दुसरंच पान उघडलं. मागं येईपर्यंत पाक पुढं गेला. लाडू दगड झाले. त्यांनी रागानं नाही, अगदी मऊपणानं लिहिलं होतं : "ताई, तुमच्या आईंची कृती आहे म्हणून विश्वासानं करत होते."

तो निरोप मी बऱ्याचदा वाचला. त्या बाईंच्या बोटामुळे मला काही पैसे मिळाले असणार. ते पैसे दोन नारळ, अर्धा किलो रवा आणि एका दुपारीच्या बदल्यात आले होते, आणि ज्यानं जाहिरात दिली त्यालाही त्यातून काही मिळालं नव्हतं. कर्ज नको असलेल्या माणसाचं बोट त्याच्या दारात ढकलून मी त्याचेही पैसे वाया घालवले होते.

त्या रात्री मी जागा मोजल्या. मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या 30 टक्क्यांहून जास्त भाग जाहिरातींनी व्यापला तर वाचक वैतागतात, असं या धंद्यातल्याच लोकांनी मिळून ठरवलेलं एक प्रमाण आहे आणि त्याची बूज न राखणाऱ्या साइटवरच्या जाहिराती क्रोम 2018 पासून रोखतो. माझी पानं त्या रेषेच्या अगदी काठावर होती. मी तीनच जागा ठेवल्या. एक प्रस्तावनेनंतर, एक साहित्याची यादी आणि कृती यांच्या मध्ये, एक अगदी शेवटी. कृती सुरू झाली की संपेपर्यंत मध्ये काहीही नाही. प्रत्येक जाहिरातीची उंची आधीच राखून ठेवली, म्हणजे ती उशिरा आली तरी मजकूर हलत नाही. फोटो हलके केले. माझे फोटो तेव्हा इतके जड होते की गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडायला आठ-नऊ सेकंद जायचे. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं मानतात, तिथवर यायला मला दोन महिने लागले.

उत्पन्न पहिल्या महिन्यात घसरलं. नंतर हळूहळू चढलं, आणि सात जागांच्या वेळी होतं त्याच्या पुढं गेलं. याचं कारण मला नंतर उमगलं. जाहिरातीचा निम्मा भाग निदान 1 सेकंद पडद्यावर राहिला तरच ती 'दिसली' असं धरतात. सात जागा होत्या तेव्हा लोक भराभर खाली सरकत होते, मधल्या चार जाहिराती कुणाच्या नजरेतच येत नव्हत्या, आणि बोली लावणाऱ्यांकडे त्याची नोंद असते. न दिसणाऱ्या जागेला कोण चांगला भाव देईल? साहित्याची यादी आणि कृती यांच्या मधली जागा मात्र सोन्यासारखी निघाली. तिथं माणूस थांबतो. फोन ओट्यावर ठेवतो, डबे काढतो, रवा मोजतो, परत येतो. आता माझ्या एकूण उत्पन्नातलं जवळजवळ निम्मं त्या एका जागेतून येतं.

अण्णा दिवाळी अंकात कथेच्या मध्ये जाहिरात कधी घालत नसत. कथा संपली की समोरचं पान जाहिरातीचं. कथा संपवून माणूस मान वर करतो, तेव्हा त्याला दुकान दिसू दे, असं ते खिळे जुळवणाऱ्याला सांगायचे. मी लहानपणी हे ऐकलं होतं, तरी मला ते एका परक्या बाईंच्या बिघडलेल्या पाकातून शिकावं लागलं.

वर्षाचं चक्रही मला त्या वहीतूनच कळलं. वहीत आश्विन-कार्तिकाची पानं गच्च आणि पौषाची ओस. माझ्या खात्यातही तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाहिरातदारांच्या पिशव्या उघड्या असतात, जानेवारीत तीच माणसं तेच पान उघडतात आणि हजार वाचनांमागे निम्मेच पैसे मिळतात. फराळाचं लिहायचं ते गणपतीच्या आधी, म्हणजे शोधणाऱ्यांना ते दसऱ्यापर्यंत सापडू लागतं. वाळवणाचं संक्रांतीला. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. हे ज्याला करायचं आहे तो गहू भिजत घालायच्या आधी वाचतो, ऊन कडक झाल्यावर नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. माझ्या शंभर वाचकांतले सात-आठ परदेशातले होते, पण पैशांत त्यांचा वाटा चौथाईच्या वर होता. न्यू जर्सीतल्या वा लंडनमधल्या माणसापर्यंत पोचायला तिथले जाहिरातदार जी बोली लावतात ती इथल्यापेक्षा कितीतरी मोठी असते. हे कळल्यावर त्यांच्यासाठी वेगळं काही लिहावं असा मोह झाला, इंग्रजीत लिही असंही एकानं सुचवलं. पण ती माणसं माझ्याकडे मराठीसाठीच येत होती. त्यांचे निरोप मी परत काढून वाचले. त्यांच्या अडचणी अगदी घरगुती होत्या. आमची वाटी म्हणजे तिकडच्या कपाच्या किती? भाजणी दळायला गिरणी नाही, मिक्सरवर होईल का? गच्ची नाही, ऊन नाही, सांडगे कसे वाळवू? मग मी प्रत्येक कृतीत वाटीबरोबर ग्रॅम दिले. स्वतः ओव्हन अगदी मंद ठेवून, दार किंचित उघडं ठेवून सांडगे वाळवून पाहिले. दोनदा फसले, बाहेरून लाल आणि आत ओले. तिसऱ्यांदा जमले ते लिहिलं. त्या एका पानानं मला वर्षभर जे दिलं ते तोवरच्या कुठल्याही पानानं दिलं नव्हतं, आणि कॅलिफोर्नियातल्या एका आजींनी खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या सांडग्यांचा फोटो पाठवला, तो मी अजून जपून ठेवला आहे.

आता तो 'नको'.

मी आठवीत असताना अण्णांनी एका ठेव योजनेची पाव पान जाहिरात सलग सहा आठवडे छापली होती. थोड्या वर्षांत दामदुप्पट. पैसे रोख, आगाऊ, आमच्या हिशेबात मोठे. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यातून झालं. सातआठ महिन्यांनी योजना बुडाली, कार्यालयाला कुलूप लागलं. एका संध्याकाळी एक रिटायर झालेले गृहस्थ घरी आले. हातात आमच्या अंकाचं कात्रण, घडी घालून घालून मऊ पडलेलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "अण्णा, तुमच्या पेपरात होतं म्हणून मी भरले."

अण्णांकडे कायद्याचं उत्तर होतं. जाहिरातीतल्या मजकुराशी संपादक सहमत असेलच असं नाही, ही ओळ आमच्याही अंकात शेवटच्या पानावर तळाशी असायची. ती त्यांनी उच्चारलीसुद्धा नाही. त्यांनी त्या गृहस्थांना आत बसवलं, आणि नंतर वर्षभर त्यांच्याबरोबर तक्रारी अर्ज घेऊन कचेऱ्यांमध्ये हिंडले. पैसे परत आले नाहीत. त्यानंतर वहीत तो बिनमथळ्याचा रकाना आला. जादूटोण्याचे बाबा, सट्टा, रातोरात श्रीमंत करणाऱ्या योजना, सगळ्यांपुढे 'नको'. मी मोजले, पंधरा वर्षांत एकशे बारा 'नको' आहेत. त्यातले काही तर आमच्या अगदी ओढगस्तीच्या महिन्यांतले आहेत. ऑगस्ट 1998 च्या पानावर सलग तीन 'नको' आहेत आणि त्याच महिन्यात माझी कॉलेजची फी उशिरा भरली होती, हे मला आठवतं.

माझ्याकडे तो रकाना आहे, फक्त तो संगणकात आहे. कुठल्या प्रकारच्या जाहिराती नकोत हे तिथं खुणा करून सांगता येतं. बऱ्याच वर्षांत मी त्याकडे पाहिलं नव्हतं. 2022 साली अण्णा गेले. त्यांच्या खोलीतून वही सापडली, ती रात्रभर वाचली आणि सकाळी माझ्याच पुरणपोळीच्या पानावर पैसे लावून खेळायच्या एका ॲपची जाहिरात दिसली. आईची पुरणपोळी, खाली ते. तेव्हाच बसून जुगार, झटपट कर्ज, वजन उतरवायची चूर्णं, सगळं बंद केलं. हीच मंडळी मोठ्या बोल्या लावतात, त्यामुळे साधारण सहावा हिस्सा कमी झाला. तो परत भरून यायला हवा होता, कारण साइट चालवायचा खर्च असतो आणि माझा दिवसाचा निम्मा वेळ तिथं जातो.

तो भरून आला सायकलच्या वाटेनं. म्हैसाळच्या एका बचत गटातल्या बायका कुरडया, सांडगे, भरल्या मिरच्या करून विकतात. माझ्याकडून त्यांचा माल दोनतीन मैत्रिणींनी मागवला होता. मी गटाच्या ताईंना जाऊन भेटले आणि विचारलं, वाळवणाच्या पानांवर महिनाभर तुमची जाहिरात लावू का? त्यांनी विचारलं, "किती लोकं बघत्यात?" अण्णा खपाचा आकडा कधी फुगवत नसत. तालुक्यातले दुसरे संपादक छापायचे सहाशे आणि सांगायचे तीन हजार, अण्णा छापायचे अकराशे आणि अकराशेच सांगायचे. मी फोन उघडून त्यांना गेल्या मार्चचा आकडा दाखवला, त्यातले सांगली-कोल्हापूरचे किती हेही दाखवलं, कारण पुण्यापलीकडे माल पाठवणं त्यांना परवडत नव्हतं. आम्ही मिळून महिन्याची एक रक्कम ठरवली. सौद्यात त्या जागेला महिनाभरात जे मिळायचं त्याच्या दीडपट, आणि मध्ये अडत नाही. त्यांना पहिल्या महिन्यात बेचाळीस मागण्या आल्या. आता सोऱ्ये आणि किसण्या करणारा एक कारागीर आहे, लाकडी घाण्याचं तेल काढणारे एक कुटुंब आहे, भाजणी दळून पाठवणारी एक गिरणी आहे. या चारांचं मिळून जे येतं ते गमावलेल्या सहाव्या हिश्शाच्या दुप्पट आहे. आणि चौघांचीही तोंडं मला माहीत आहेत. मी त्यांचं तेल खाल्लं आहे, त्यांच्या सोऱ्यातून शेव पाडली आहे.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्याच किर्लोस्करवाडीहून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. नांगर आणि यंत्रं करणाऱ्या कारखान्याचं ते पत्र, आणि त्यातूनच पुढं मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं. पुण्याला जाताना गाडी त्या स्टेशनात थांबली की अण्णा दर वेळी ते सांगायचे. माल आणि मजकूर एकाच माणसाच्या जिवाला लागलेले असले की असं होतं, हे त्यांना फार आवडायचं.

गेल्या मार्चमध्ये गटाच्या जाहिरातीचं तिसरं वर्ष सुरू झालं. अंक हातात दिल्याशिवाय बिल द्यायचं नाही, हा अण्णांचा नियम. पडद्यावरचं पान हातात कसं देणार? मी ते झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत छापून घेतलं आणि म्हैसाळला गेले. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून कुरडया घातल्या होत्या. ताईंनी हात पदराला पुसले, कागद घेतला, उन्हाकडे पाठ करून सगळा वाचला. फोन नंबर आकडा आकडा तपासला. मग कपाळाला आठी घालून चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं वर 'जाहिरात' असं कशाला लिवलंय? ते काढा की. तुम्हीच सांगताय असं वाटंल लोकान्ला."

मी म्हटलं, "ते नाही काढता येणार, ताई. वाचणाऱ्याला कळायला पाहिजे, कुठलं माझं आणि कुठलं पैसे घेऊन लावलेलं."

त्यांनी कागदाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मागं गच्चीवर एक पोरगी काठी घेऊन चिमण्या हाकत होती.

"बरं, ऱ्हाऊ द्या मग," त्या म्हणाल्या. "पण फोटो नवा घ्या. ह्यो मागल्या सालचा हाय. औंदाचा चीक बघा कसा पांढराफेक पडलाय."

मी फोन काढला. त्यांनी पोरीला बाजूला व्हायला सांगितलं, साडीची एक चुणी हातानं सरळ केली आणि काठावरची तुटकी कुरडई उचलून तोंडात टाकली.